कवितेच्या आधी कवी

पहिला कवितासंग्रह वाचणाऱ्याजवळ धरायला काहीच नसतं. कवीचं आधीचं पुस्तक नसतं, त्यामुळे हा आधी असा लिहायचा आणि आता असा लिहितो, असं म्हणता येत नाही. मग वाचक दुसरीकडे वळतो. कवी कुठल्या गावचा, पोटापाण्यासाठी काय करतो, शिकलाय किती, प्रस्तावना कुणी लिहिली, हे तो आधी पाहतो. यात गैर काही नाही. अनोळखी माणूस समोर आला की आपण त्याचं गाव विचारतोच. पण गाव विचारता विचारता कवितेवरचा अभिप्रायही ठरून गेलेला असतो, आणि पानावरच्या ओळी त्या अभिप्रायाला पुरावा म्हणून तेवढ्या वाचल्या जातात, असं मला फार वेळा दिसतं. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या मराठी कवितेला 'सोपी', 'दुर्बोध' आणि 'अस्सल' अशी जी लेबलं चिकटली, ती कवितेच्या घडणीपेक्षा कवी कोण आहे यावरून ठरली, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी दोन पहिले संग्रह मी समोर ठेवतो: १९५२ साली आलेली 'बहिणाबाईंची गाणी' आणि १९७२ साली आलेला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'. दोन्ही बाबतींत कवीची भाषा छापील मराठीच्या बाहेरची होती. दोन्ही पुस्तकांना त्या त्या काळातल्या अत्यंत नामवंत लेखकाची प्रस्तावना होती, एकाला आचार्य अत्र्यांची आणि दुसऱ्याला विजय तेंडुलकरांची. आणि दोन्हींचं स्वागत मनापासून झालं. स्वागतात खोट होती, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते स्वागत नेमकं कशाचं झालं, एवढाच प्रश्न आहे.

बहिणाबाई चौधरींची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख नाही, शेत आणि घर यांत गेलेलं आयुष्य, ओठांवर येणारी गाणी. ती गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तशी लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिला बावनकशी सोनं म्हटलं आणि पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. म्हणजे या कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचा पहिलाच अभिप्राय तिला ऐकायला मिळाला नाही, आणि त्यावर तिला काही म्हणताही आलं नाही. वाचकांनी या गाण्यांना जीव लावला. शाळेच्या पुस्तकांत ती आली, 'मानिनी' चित्रपटात आली, घराघरांत म्हटली गेली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचंच नाव दिलं गेलं. पण या सगळ्या प्रेमात एकच विशेषण पुन्हा पुन्हा येत राहिलं: सहज. निरक्षर बाई, मातीतलं शहाणपण, उत्स्फूर्त झरा. कविता म्हणजे जणू त्या मातीतून आपोआप उगवलेलं पीक, आणि पेरणी-खुरपणी कुणी केलीच नाही. जन्मभर शेतात राबलेल्या बाईच्या बाबतीत आपण हे म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

आता कविता पाहू. मनाविषयीचं त्यांचं गाणं सगळ्यांच्या ओठांवर आहे. प्रत्येक कडव्यात आठ-आठ अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचं यमक. ही जात्यावरच्या ओवीच्या जवळची चाल. पण बांधणी तिथे थांबत नाही. कडवं सुरू होतं ते मनापासून, आणि लगेच मनाचा एकेक गुण दोनदा उच्चारला जातो. त्या दुहेरी उच्चारातच मनाचं पुन्हा पुन्हा तिथेच परतणं कानाला कळतं. पहिली प्रतिमा उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची, म्हणजे जमिनीवरची. मग लाटा, वारा, विंचू आणि साप. मग पाखरू येतं आणि भुईवरून आभाळात जातं. त्याच्या पुढच्या कडव्यात वीज येते आणि आभाळातून धरतीवर उतरते. वर जाणारी एक हालचाल, खाली येणारी एक. आणि या दोन्ही झाल्यावर येतं खसखशीच्या दाण्याएवढं मन, जे आभाळातही मावत नाही. जमीन आणि आभाळ आधी दोन वेगळ्या कडव्यांत दाखवून, मग एकाच कडव्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी गोष्ट शेजारी ठेवायची, हा क्रम चुकून लागत नाही. शेवटची दोन कडवी तर मनापासून सुरूच होत नाहीत, ती देवाला हाक मारून सुरू होतात. इतका वेळ धरून ठेवलेला साचा नेमका तक्रारीचा रोख बदलताना मोडला जातो. हे सगळं लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने केलं, म्हणून ते सहज ठरत नाही. कागदाचा आधार नसताना एवढी रचना डोक्यात धरून ठेवायची, तर ती रचना अधिकच घट्ट लागते. आणि भाषेचं म्हणाल, तर ही लेवा पाटीदारांची बोली पुण्या-मुंबईच्या वाचकाला सोपी नव्हतीच. 'ळ'च्या जागी 'य' बोलणारी, विभक्तीचे प्रत्यय वेगळे लावणारी. त्या बोलीला सरसकट अहिराणी म्हणून मोकळं होण्यापर्यंत आपली मजल गेली. न कळलेले शब्द वाचकाने सोडून दिले आणि कविता मात्र सोपी ठरवली.

याच सुमाराला मराठीत दुर्बोधतेचा वाद ऐन भरात होता. बा. सी. मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९ साली आला तेव्हा रूढ भावकवितेच्या वळणाची आणखी एक कविता म्हणून तो फारशी खळबळ न करता वाचला गेला. १९४७च्या 'काही कविता'नी मात्र वादळ उठवलं. अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले, विडंबनं झाली, त्यांच्या एका कवितेतल्या पिपात मेलेल्या उंदरांचा अर्थ काय यावर माणसं तावातावाने भांडली. मर्ढेकरही ओवी-अभंगाच्या चालीच वापरत होते. त्यांच्याही शब्दांना वाचक अडत होता. पण तिथे अडलेला वाचक शब्द सोडून पुढे गेला नाही, तो कवीशी भांडला. कारण समोर विलायतेत शिकून आलेला, आकाशवाणीत अधिकारी असलेला माणूस होता. असा माणूस एखादी ओळ लिहितो ती जाणूनबुजून, हे वाचकाने गृहीत धरलं होतं. मर्ढेकरांवर अन्याय झाला हे खरंच. पण त्यांच्या टीकाकारांनीसुद्धा त्यांना कारागीर मानलं, शब्द निवडणारा, चाल मोडणारा, मुद्दाम खटकवणारा. बहिणाबाईंना त्यांच्या चाहत्यांनीही तो मान दिला नाही. त्यांची जागा हृदयात होती, कवितेच्या कारखान्यात नव्हती. मला तर असं वाटतं की मर्ढेकरांच्या या नवकवितेच्या गदारोळाने भांबावलेल्या वाचकाला त्या क्षणी एक सोपी कविता हवीच होती, आणि ती गरज बहिणाबाईंच्या गाण्यांच्या गळ्यात पडली.

वीस वर्षांनी 'गोलपिठा' आला. नामदेव ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे. पुण्याजवळच्या पूर-कनेरसरचा जन्म, बालपण मुंबईत कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या वस्तीत, पुढे टॅक्सी चालवणं, आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना. तेंडुलकरांनी प्रस्तावनेत जे केलं ते मराठी प्रस्तावनांच्या इतिहासात विरळ आहे. मला हे शब्द कळत नाहीत, ही दुनिया मला माहीत नाही, असं एका मोठ्या नाटककाराने तेवीस वर्षांच्या कवीच्या पुस्तकात उघडपणे लिहिलं. पांढरपेशांचा नकाशा जिथे संपतो तिथून ही कविता सुरू होते, असं त्यांनी सांगितलं, आणि कवीला विचारून घेतलेले अर्थ वाचकासाठी मांडले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी कौतुकाची झूल पांघरली नाही, आपल्याला सगळं उमगलं असाही आव आणला नाही. तरीही त्या प्रस्तावनेने वाचकाला एक सवय लावली. 'गोलपिठा' हे एका भागाचं वर्णन आहे, आणि ते वाचायचं म्हणजे तिथले शब्द आणि तिथली माणसं माहीत करून घ्यायची, ही ती सवय. पुढे या कवितेवर जे बोललं-लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं वेश्यावस्ती, दारूचे अड्डे, शिव्या आणि भूक यांच्याविषयी आहे. दाहक, जळजळीत, अस्सल, असे शब्द त्यात येतात. हे शब्द खोटे नाहीत, पण ते आगीविषयी सांगतात. ती पेटवली कशी, हे त्यांत येत नाही.

'माणसाने' ही त्यातली कविता घ्या. वाचकाला धक्का बसतो तो तिच्यातल्या विध्वंसाच्या यादीने. स्वतःला उद्ध्वस्त करून घ्यावं इथपासून जगातलं जे जे पवित्र, सभ्य, सुरक्षित ते ते मोडून टाकावं इथपर्यंत ही यादी थांबायचं नाव घेत नाही. शब्द सगळीकडचे, गल्लीतली शिवी आणि शुद्ध तत्सम शब्द एकाच दमात. पण या सगळ्या शब्दांखाली एक क्रियापद चालत असतं, आणि त्याचा शेवट जवळजवळ प्रत्येक वेळी 'वे' असा होतो. करावे, द्यावे, जावे. मराठीत हे उपदेशाचं आणि प्रार्थनेचं क्रियापद आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांतून ते पिढ्यान्‌पिढ्या पांढरपेशा घरांत तिन्हीसांजेला म्हटलं गेलं आहे. ज्या वाचकाला 'गोलपिठा'तले निम्मे शब्द परके होते, त्याला हे 'वे' मात्र लहानपणापासून पाठ होतं. ढसाळांनी त्याच्या कानात मुरलेली चाल उचलली आणि तिच्यात त्याला सहन न होणारं सगळं भरलं. म्हणून ती कविता एवढी आत जाते. अनोळखी माणसाने अनोळखी भाषेत शिव्या दिल्या असत्या तर वाचक दार लावून मोकळा झाला असता. आणि शेवटाकडे तेच 'वे' न बदलता कविता उलटते. जे उरतील त्यांनी कुणाला गुलाम करू नये, रंगावरून आणि जातीवरून कुणाला हिणवू नये, आभाळाला आजोबा आणि जमिनीला आजी मानून नांदावं, एक तीळसुद्धा सगळ्यांनी वाटून खावा, माणसाचंच सूक्त रचावं. उपदेशाचं क्रियापद अखेर आपल्या मूळ कामाला परत येतं, पण मधल्या राखेतून गेल्यावर. हा शेवट एखादं आशावादी ठिगळ म्हणून लावला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्रियापदाकडे लक्ष दिलेलं नाही. पहिल्या ओळीपासून ही प्रार्थनाच होती. कोशात शोधून सापडेल असं हे नव्हे, आणि कामाठीपुऱ्यातून फिरून आल्यानेही ते कळत नाही. त्यासाठी कविता मोठ्याने वाचावी लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. दलित कवितेच्या बाबतीत कारागिरीची भाषा करणं म्हणजे तिला पुन्हा जुन्या सौंदर्यशास्त्राच्या दारात उभं करणं होय. ज्या निकषांनी या कवितेला शतकानुशतकं बाहेर ठेवलं तेच निकष आता तिच्या कौतुकासाठी कशाला आणायचे? शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं ते याच जाणिवेतून. जगणं, वेदना आणि नकार हे त्या साहित्याचं मूल्य आहे, आनंद देणं हे नाही. हे मला मान्य आहे. ढसाळांच्या जगण्यापासून त्यांची कविता तोडायची, असं मी म्हणतच नाही. पण दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे, ते जगणं हजारो माणसं जगत होती आणि 'गोलपिठा' एकानेच लिहिला. दुसरी अधिक महत्त्वाची. दलित वस्तीतल्या तरुणाने जेव्हा हे पुस्तक हातात घेतलं, तेव्हा त्याला शब्दार्थांची टीप लागली नाही आणि वस्तीची माहितीही नको होती, ती त्याच्याजवळ होतीच. तरी पुस्तकाने त्याला हलवलं. मग ते कशाने? आपलं जगणं अशा आवाजात, अशा लयीत, एवढ्या ऐटीत म्हणता येतं, या शोधाने. म्हणजे ज्याला माहितीची गरज नव्हती त्याचा प्रतिसाद घडणीलाच होता. केवळ माहितीसाठी वाचणारा वाचक बाहेरचाच असतो, आणि कवीला कारागीर न मानणं ही बाहेरच्याचीच सोय आहे. दुःख त्याचं, कला आमची, अशी ती वाटणी होते. नारायण सुर्व्यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म'ला १९६२ साली 'कामगार कवी' या एका शब्दात बसवलं गेलं, तेव्हाही तीच वाटणी झाली. तो संग्रह आपल्या नावातच संतांच्या भाषेशी किती जाणतेपणाने बोलतो, हे त्यात मागे पडलं.

दुसरा आक्षेप साध्या वाचकाच्या बाजूने येतो. वाचक काही समीक्षक नसतो, त्याला आवडलं की आवडलं, चरण आणि यमकं मोजायला त्याला कशाला लावता? मला इथे वाचकाचं बोलणं आणि वाचकाची कृती यांत फरक करावासा वाटतो. बहिणाबाईंच्या वाचकाने तोंडाने 'किती सहज' म्हटलं, पण प्रत्यक्षात काय केलं? ती गाणी पाठ केली. ज्याने खानदेश कधी पाहिला नाही त्यालाही मनाचं गाणं कडव्यांच्या क्रमाने येतं. सैल, आपोआप सुचलेली रचना अशी पिढ्यांच्या तोंडी टिकत नाही, ती पाझरून जाते. ज्याला क्रम लक्षात राहतो त्याच्या कानाने तो क्रम ओळखलेला असतो, मग त्याला ते सांगता येवो न येवो. 'गोलपिठा'च्या बाबतीतही तसंच. त्या कविता सभांमध्ये मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि ऐकणारा त्या यादीच्या लयीवर डोलला. म्हणजे साध्या वाचकाचा कान चोख होता. कमी पडलं ते छापील बोलणं: अभिप्राय, परीक्षणं, पाठ्यपुस्तकातली कवीपरिचयाची चौकट. कानाने दिलेली दाद त्या चौकटीत कधी उतरलीच नाही. तिच्यात जन्मगाव आलं, शिक्षण आलं, दुःख आलं.

प्रस्तावना नसत्या तर ही पुस्तकं पोचलीच नसती, असंही म्हणता येईल, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. अत्र्यांच्या शब्दाला तेव्हा जे वजन होतं त्याने एका शेतकरी बाईची वही महाराष्ट्रभर नेली. तेंडुलकरांनी आपलं नाव ढसाळांच्या पाठीशी उभं केलं, तेव्हा ज्या वाचकाने ते पुस्तक उचललंच नसतं त्याने ते उचललं. हे ऋण मोठं आहे. पण प्रस्तावनेने पहिल्या वाचकाला मदत करायची असते. पन्नास-सत्तर वर्षांनंतरचा वाचकही तीच वाट धरून चालत असेल, तर तो दोष प्रस्तावनाकाराचा नाही, आपला आहे. आणि त्याची किंमत कवीला पुढच्या पुस्तकांत मोजावी लागते. ढसाळांनी १९७५ साली 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलविले' लिहिलं, १९८१ साली 'तुही इयत्ता कंची', १९८३ साली 'खेळ', ज्यात प्रेमाची आणि देहाची कविता आहे. प्रत्येक वेळी आवाज बदलला. तरी ढसाळ म्हटलं की आजही तोंडात 'गोलपिठा'च येतो, आणि 'खेळ'मधली हळुवार, चाचपडणारी ओळ कुणी ऐकवली तर ती त्यांची आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. पहिल्या संग्रहाला कवितांचं पुस्तक म्हणून वाचलं असतं, तर कवी पुढे कुठे कुठे जाऊ शकतो याच्या खुणा तिथेच दिसल्या असत्या. 'गोलपिठा'तल्या एका तरुण वेश्येवरच्या, मंदाकिनी पाटीलच्या कवितेत संतापाच्या खाली जी कोवळीक आहे, तिच्यातूनच 'खेळ'कडे रस्ता जातो.

आज दरवर्षी नवे संग्रह येतात. मलपृष्ठावर कवीचा जिल्हा असतो, व्यवसाय असतो, क्वचित समाजही सूचित केलेला असतो, आणि परीक्षण बहुधा तिथूनच सुरू होतं. आदिवासी पाड्यावरची शिक्षिका, ऊसतोड कामगाराचा मुलगा, आयटीत काम करणारा तरुण. यातल्या प्रत्येकाची बोली वेगळी आहे आणि ती मराठी कवितेत येते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं मागणं लहान आहे. परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात एक तरी ओळ मोडून पाहावी. ती तिथेच का तुटली, ते विशेषण का गाळलं, बोलीतला शब्द तिथे वजन सांभाळतो की नुसता रंग भरतो, हे सांगावं. शब्द अडला तर तो कवीला जरूर विचारावा, पण त्याच बैठकीत कडव्यांचा क्रम असाच का लावला, हेही विचारावं. बहिणाबाईंना ते विचारायला आपल्याला उशीर झाला. ढसाळही २०१४च्या जानेवारीत गेले. ज्यांचा पहिला संग्रह या वर्षी छापून आला आहे ते कवी आहेत, आणि त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.